वेड्यावाकड्या भिंतीवर बेतलेली मांडणी: फोटोंपासून सीएनसीपर्यंत

जुन्या दगडी भिंतीला सरळ पाठीची मांडणी लावली की मागे कुठे बोटभर, कुठे चार बोटं फट राहते. सुतारांकडे यावर जुनी रीत आहे. फळी भिंतीला टेकवायची, पेन्सिल भिंतीवरून फिरवत रेघ उतरवायची आणि रेघेपर्यंत तासायचं. एक फळी बसवायची असेल तर आजही याहून जलद काही नाही. पण आठ उभ्या बरगड्या, पाच आडव्या फळ्या आणि सगळ्यांची पाठ भिंतीच्या उंचवट्यांप्रमाणे, असं काम असेल तर भिंतच संगणकात आणून तुकडे सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या मशीनवर, कापलेले परवडतात.

इथे धरलेलं उदाहरण असं: मांडणी २११८ मिमी रुंद आणि २२०० मिमी उंच, १८ मिमी प्लायची. बरगड्या ३०० मिमी अंतरावर. भिंतीचे चढउतार ७० मिमीपर्यंत, त्यामुळे बरगडीची खोली २८० ते ३५० मिमी. भिंत दगडाची, चुन्याच्या दरजांची.

आधी फटीचा हिशोब

कॅमेरा हातात घेण्याआधी एक आकडा ठरवा: पाठ आणि भिंत यांच्यात किती फट ठेवायची? प्रत्येक टप्प्यावर होणारी चूक या फटीतून वजा होत जाते. फोटोंवरून तयार होणाऱ्या भिंतीच्या मॉडेलची चूक २ मिमी, रेघ सोपी करताना ०.५, कापताना ०.३, उभारताना ३. बेरीज ५.८, म्हणून फट ६ मिमी. सगळ्या चुका एकाच बाजूला पडत नाहीत, त्यामुळे वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ घ्यावं असं पुस्तकी गणित सांगतं आणि ते ३.७ येतं. तरी इथे सरळ बेरीजच धरा. कापलेला प्लाय वाढत नाही. ६ मिमीची फट डोळ्याला खटकत नाही, शिवाय मांडणीमागून थोडी हवा खेळती राहते, आणि ओल धरणाऱ्या भिंतीला ती हवीच.

साधन कोणतं हे या आकड्यावरूनच ठरतं. २०२० पासून काही फोनमध्ये आणि टॅब्लेटमध्ये लायडार (लेझरनं अंतर मोजणारा सेन्सर) आला. खोलीचा आराखडा काढायला तो छान, पण त्याची चूक सेंटिमीटरच्या घरात जाते, म्हणजे आपली सगळी फट त्यातच संपली. फोटोंवरून दृश्य उभं करणारं, २०२३ पासून गाजत असलेलं गाउसियन स्प्लॅटिंग पडद्यावर डोळे दिपवतं, पण ते धूसर ठिपक्यांचा ढग रंगवतं. त्यात दगडाचा पृष्ठभाग नेमका कुठे आहे याचं ठाम उत्तर मिळत नाही. सादरीकरणाला वापरा, मापाला नको. स्टँडवरचा लेझर स्कॅनर चालेल. मात्र एवढ्या छोट्या भिंतीसाठी साधा कॅमेरा आणि फोटोग्रामेट्री, म्हणजे अनेक फोटोंवरून मापं काढण्याची विद्या, पुरेशी आहे.

ही विद्या जन्मली तीच मुळी इमारती मोजताना. १८५८ मध्ये जर्मनीतल्या वेट्झलारच्या कॅथेड्रलची मापं घेताना आल्ब्रेख्त मायडेनबाउर वरून पडता पडता वाचला, आणि चढण्यापेक्षा फोटोवरून मापं काढता येतील का, या विचाराला तो लागला. पुढे ‘फोटोग्रामेट्री’ हा शब्दही त्यानंच रूढ केला.

फोटो किती आणि कुठून

६००० × ४००० पिक्सेलचा फुल-फ्रेम कॅमेरा, ३५ मिमीची फिक्स्ड लेन्स, भिंतीपासून अंतर २ मीटर. अशा कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ०.००६ मिमी असतो. त्याला २००० नं गुणून ३५ नं भागलं की ०.३४ मिमी येतं. म्हणजे भिंतीवरचा ०.३४ मिमीचा ठिपका एका पिक्सेलमध्ये मावतो. २ मिमीची अचूकता हवी तर हे पुरेसं आहे. दुसरा कॅमेरा असेल तर हाच हिशोब त्याच्या आकड्यांनी करा. फोनमधून फोटो घ्यायचेच असतील तर १ मीटरवरून घ्या, फक्त मुख्य लेन्स वापरा आणि तिलाच कुलूप लावा. फोन गुपचूप लेन्स बदलतो आणि तिथेच घोळ होतो.

वरच्या कॅमेऱ्यात एका फोटोत भिंतीचा २०५७ × १३७१ मिमी भाग येतो. शेजारशेजारच्या फोटोंत ८० टक्के भाग सामाईक हवा, म्हणून दर ४१० मिमीला एक पाऊल सरका. वरखाली ६० टक्के पुरतं, म्हणजे ओळींमधलं अंतर ५५० मिमी. मांडणीपेक्षा चारही बाजूंना जास्त भिंत घ्यायची आहे. साधारण ३.५ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच धरलं तर ओळीत दहा फोटो, सहा ओळी, एकूण साठ. वरच्या ओळींसाठी मोनोपॉड उंच करून रिमोटनं बटण दाबा. कॅमेरा खालूनच वर तिरका करून भागवू नका, कारण प्रत्येक दगडाच्या वरच्या कडा मग दिसतच नाहीत.

हे साठच फोटो घेऊन थांबणं ही नवशिक्यांची सर्वात महागात पडणारी चूक. सगळे फोटो भिंतीला समोरासमोर असले की सॉफ्टवेअरला लेन्सचा बाक आणि भिंतीचा बाक यांतला फरक कळत नाही, आणि सरळ भिंत मॉडेलमध्ये परातीसारखी खोलगट किंवा फुगीर निघते. उपाय सोपा आहे. डावीकडून आणि उजवीकडून साधारण ३० अंशांत तिरके, प्रत्येकी वीस फोटो घ्या. शिवाय कॅमेरा उभा धरून दहा. एकूण ११० झाले.

सेटिंग: आयएसओ १०० किंवा २००, छिद्र एफ ८, रॉ फाइल, व्हाइट बॅलन्स पक्का. फोकस एकदा २ मीटरवर लावून लेन्सवर चिकटपट्टी मारा. एफ ८ ला साधारण १.४ ते ३.२ मीटरपर्यंतचं स्पष्ट दिसतं, त्यामुळे तिरके फोटोही धकतात. स्टॅबिलायझर बंदच हवा. तो लेन्सची भिंगं हलवतो, म्हणजे दर फोटोला कॅमेऱ्याची भूमिती बदलते आणि सॉफ्टवेअर सगळ्यांना एकच लेन्स समजून गणित मांडतं. कॅमेऱ्यावरचा फ्लॅशही नको, कारण आपण सरकलो की सावल्या सरकतात. दोन मोठे दिवे भिंतीपासून दूर, विखुरलेल्या प्रकाशाचे, कामभर एकाच जागी ठेवा.

दगडाला स्वतःचा पोत असतो, तिथे अडत नाही. चुना फासलेल्या कोऱ्या भिंतीवर मात्र जुळवायला खुणाच मिळत नाहीत. अशा वेळी प्रोजेक्टर एका जागी पक्का ठेवून भिंतीवर वेडेवाकडे ठिपके टाका आणि त्याच उजेडात फोटो घ्या.

माप आणि ओळंबा

फोटोग्रामेट्रीतून आकार कळतो, आकारमान नाही. ते बाहेरून द्यावं लागतं. १ मीटर लांबीच्या चार ॲल्युमिनियम पट्ट्या घ्या. प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना सॉफ्टवेअरमधून छापलेलं कोडेड टार्गेट (फोटोत सॉफ्टवेअरला आपोआप ओळखू येणारी खूण) चिकटवा. टार्गेट चिकटवून वाळल्यावरच त्यांच्या केंद्रांमधलं अंतर स्टीलच्या पट्टीनं ०.२ मिमीपर्यंत मोजा. छापलेल्या कागदावर विसंबू नका: प्रिंटर ‘पानात बसव’ म्हणत सगळं तीन-चार टक्के लहान करून ठेवतो. उन्हात तापलेली पट्टीही मोजू नका. ॲल्युमिनियम दर मीटरला दर अंशाला ०.०२३ मिमी वाढतं, २० अंशांच्या फरकात जवळजवळ अर्धा मिलिमीटर. दोन पट्ट्या उभ्या, दोन आडव्या ठेवा. मापासाठी दोनच वापरा. उरलेल्या दोन पडताळणीच्या, त्यांचं माप सॉफ्टवेअरला सांगायचंच नाही.

भिंतीवर आणखी सहा टार्गेट लावा, मांडणीच्या जागेबाहेर, घट्ट दगडांवर, पाण्यात सुटणाऱ्या खळीनं. पोस्टर चिकटवायचा चिकट गोळा नको, त्याचं तेल दगडात मुरतं आणि डाग राहतो. ही सहा टार्गेट काम संपेपर्यंत हलवायची नाहीत. कापलेला प्लाय भिंतीवर नेमका कुठे ठेवायचा, हे शेवटी तीच सांगतात.

आता उभेपणा. मॉडेल फक्त ०.२ अंशानं कललं तरी २२०० मिमी उंचीवर ७.७ मिमीचा फरक पडतो, म्हणजे फट संपून बरगडी दगडात शिरते. पडद्यावर मात्र ०.२ अंश कोणालाही दिसत नाही. त्यामुळे मॉडेल ‘नजरेनं सरळ’ करू नका. भिंतीच्या एका कडेला, तिच्यापासून हातभर पुढे, ओळंबा सोडा. दोरी २ मिमी जाडीची, त्यावर वर आणि खाली, सुमारे २ मीटर अंतरावर, ठसठशीत रंगाच्या धाग्याच्या दोन गाठी. ओळंबा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा म्हणजे तो झुलत नाही. पंखा बंद, दारं बंद. या दोन गाठी पाच-सहा फोटोंत हातानं टिचकून दाखवल्या की उभी दिशा मिळाली.

फोटो घेतानाच आणखी एक गोष्ट चौकटीत ठेवा: २ मीटरची सरळ कडेची ॲल्युमिनियमची पट्टी, भिंतीच्या पायथ्याशी आडवी. ती खरंच सरळ आहे का ते आधी पाहा. कागदावर रेघ ओढा, पट्टी उलटी करून त्याच दोन बिंदूंतून पुन्हा ओढा. दोन रेघांमध्ये फट दिसली तर ती पट्टी बाद.

मॉडेल तयार करताना

मेटाशेप, रिॲलिटीस्कॅन किंवा मुक्त-स्रोत मेशरूम, फोटोग्रामेट्रीचं कुठलंही सॉफ्टवेअर चालेल. सगळ्यांचा क्रम तोच: फोटो जुळवणं, विरळ बिंदू, टार्गेटवरून माप, दाट बिंदू, मेश (त्रिकोणांच्या जाळीचा पृष्ठभाग). जुळवणी झाली की सरासरी चूक अर्ध्या पिक्सेलच्या आत आहे का ते पाहा. नसेल तर सर्वात वाईट बिंदू दर खेपेला दहाएक टक्के काढून गणित पुन्हा चालवा. एकदम निम्मे बिंदू उडवले की चुकीचा आकडा छान दिसतो आणि मॉडेल कमकुवत होतं.

त्यानंतर तीन तपासण्या करा, आणि तिन्हींत पास झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. पहिली, राखून ठेवलेल्या दोन पट्ट्यांचं मॉडेलमधलं माप: फरक ०.५ मिमीच्या आत हवा. दुसरी, सरळ पट्टी मॉडेलमध्ये सरळ आहे का: मधोमध १ मिमीपेक्षा जास्त बाक असेल तर तिरके फोटो कमी पडलेत, ते आणखी घ्या. तिसरी थोडी वेळखाऊ आहे. फोटोंचे एकाआड एक असे दोन गट करून दोन स्वतंत्र मॉडेल काढा आणि क्लाउडकंपेअर या तुलना करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकमेकांवर ठेवा. जिथे फरक २ मिमीच्या वर जातो ती ठिकाणं रंगीत दिसतात. बहुधा ती खोल दरजा किंवा काळे, चकचकीत दगड असतात. तिथे मॉडेलवर विश्वास नको.

मेश करताना ‘भोकं बुजवा’ हा पर्याय बंद ठेवा. सॉफ्टवेअर अंदाजानं ताणलेला पडदा आणि खरा दगड पडद्यावर सारखेच दिसतात. भोक दिसलं तर निदान तिथे माहिती नाही हे तरी कळतं. मग मांडणीमागचा २.४ × २.४ मीटरचा तुकडा कापून २० लाख त्रिकोणांवर आणा. त्रिकोणाची बाजू सरासरी अडीच मिमी पडते.

शून्यबिंदू भिंतीच्या डाव्या पायथ्याशी घ्या: एक्स भिंतीच्या लांबीनं, वाय समोरून भिंतीच्या आत, झेड ओळंब्याच्या दिशेनं. कुणी सर्व्हेचे निर्देशांक वापरायचा आग्रह धरला तर नम्रपणे टाळा. मेशचे निर्देशांक बरेचदा ३२ बिटांत साठवले जातात. शून्यापासून ५ लाख मीटर दूर गेलं की त्या आकड्यांची सर्वात लहान पायरी ३ सेंटिमीटरची होते आणि दगडांना जिने फुटतात. मेश साठवणाऱ्या ओबीजे फाइलमध्ये एकक नसतं, हेही लक्षात असू द्या. राइनो या त्रिमितीय रेखाटनाच्या सॉफ्टवेअरची फाइल आधी मिलिमीटरमध्ये उघडा, मेश आत घ्या आणि १ मीटरची पट्टी १००० येते का ते मोजा.

भिंतीची रेघ बरगडीवर उतरवणं

राइनोमधलं ग्रासहॉपर, म्हणजे घटक एकमेकांना जोडून आकारांचं गणित मांडायची सोय, यासाठी नेमकं साधन आहे. बहुतेक जण मेशला एका प्रतलानं छेदतात आणि आलेली रेघ बरगडीची पाठ म्हणून वापरतात. यात दोन चुका आहेत. बरगडीला १८ मिमी जाडी आहे, आणि डाव्या अंगाला खोलगट असलेला दगड उजव्या अंगाला फुगलेला असू शकतो. दुसरं, दगडाच्या पोटाखालचा भाग छेदात आत वळतो. त्या वळणावर बेतलेली बरगडी समोरून सरळ आत सरकवताच येत नाही.

त्यापेक्षा किरण सोडा. मांडणीच्या पुढच्या प्रतलावरून भिंतीकडे, वायच्या दिशेत, दर २ मिमी उंचीला एक किरण: २२०० मिमीला ११०१ किरण. किरण मेशला जिथे पहिल्यांदा लागतो तेवढंच अंतर घ्या. पहिलाच स्पर्श घेतल्यामुळे पोटाखालचे भाग आपोआप गळतात. हे एका बरगडीसाठी सहा प्रतलांत करा: बरगडीच्या डाव्या अंगापासून −६, ०, ६, १२, १८ आणि २४ मिमीवर. १८ मिमीच्या बरगडीसाठी −६ आणि २४ कशाला? कारण उभारताना बरगडी बाजूला दोन-तीन मिमी सरकतेच, आणि तिथलाही दगड हिशोबात हवा. प्रत्येक उंचीला सहापैकी सर्वात कमी अंतर ठेवा.

इथे ग्रासहॉपरचा एक जुना दगा आहे. मेशमध्ये भोक असेल तर किरण पार जातो आणि यादीत रिकामी जागा येते. ती कुठल्या घटकानं गाळून टाकली की पुढचे सगळे आकडे एक घर वर सरकतात, आणि पाठ दिसायला बरोबर पण २ मिमी खाली घसरलेली तयार होते. रिकाम्या जागी शेजारच्या दोन आकड्यांपैकी लहान आकडा भरा, आणि यादी शेवटी ११०१ चीच आहे का ते मोजा.

आता फट. रेघ नुसती ६ मिमी पुढे ओढून चालत नाही. उभ्या कडेच्या दगडापाशी तेव्हा पुढे ६ मिमी फट राहते, पण वरखाली शून्य. म्हणून खरा ऑफसेट घ्या, म्हणजे मूळ रेघेपासून सगळ्या दिशांनी सारख्या अंतरावरची रेघ. तोही असा: आधी भिंतीपासून २६ मिमी दूर, मग तिथून २० मिमी परत भिंतीकडे. कुठेही ६ पेक्षा कमी फट उरत नाही आणि दरजांत घुसणारे बरगडीचे बारीक सुळके नाहीसे होतात. असे सुळके नाहीतरी कापताना तुटतात. क्रम उलटा केला, म्हणजे आधी भिंतीच्या आत आणि मग बाहेर, तर बारीक उंचवटेच पुसले जातात आणि बरगडी नेमकी त्यांनाच अडते. राइनोचा साधा ऑफसेट अशा दातेरी रेघेत स्वतःलाच छेदतो. क्लिपर नावाच्या गणितावर चालणारा ऑफसेट घटक वापरा.

शेवटी रेघ ०.३ मिमीच्या मर्यादेत कंस आणि सरळ तुकड्यांत सोपी करा. तशीच हजार बिंदूंची पाठवली तर जुनं सीएनसी मशीन प्रत्येक बिंदूवर अडखळतं आणि कडेवर जळकट काळे डाग पडतात. फळ्यांचीही हीच कृती, फक्त प्रतलं आडवी.

खाचा

बरगडी आणि फळी एकमेकींत अर्ध्या-अर्ध्या खाचेनं बसतात. पाठ वेडीवाकडी असल्यामुळे ‘अर्धं’ पाठीपासून मोजू नका. सगळं पुढच्या कडेपासून: बरगडीत पुढून १६० मिमी खाच, फळीत मागून येऊन पुढच्या कडेपासून १६० मिमीवर थांबणारी खाच. दोन्ही अर्धा मिमी जास्त खोल. आधी बरगड्या उभ्या राहतात, मग फळ्या समोरून सरकतात.

१८ मिमीचा प्लाय १८ मिमीचा नसतो. प्रत्येक ताव पाच ठिकाणी व्हर्नियरनं मोजा. मग एका तुकड्यात सात खाचांची फणी कापा: मोजलेल्या जाडीपेक्षा ०.१ कमी इथपासून ०.५ जास्त इथपर्यंत, ०.१ च्या पायरीनं. हातोडी न लावता हातानं दाबून जी खाच बसते ती निवडा आणि तिच्यात आणखी ०.१ मिळवा. कारण इथे एक फळी एकाच वेळी आठ बरगड्यांवर चढते, आणि एका खाचेत गोड वाटणारा घट्टपणा आठ खाचांत मिळून फळी अडवतो. सीएनसीच्या ६ मिमीच्या गोल बिटनं (फिरत्या पात्यानं) आतला कोपरा काटकोनी होत नाही, ३ मिमी त्रिज्येचा राहतो. प्रत्येक खाचेच्या तळाच्या दोन्ही कोपऱ्यांत ६.२ मिमीचं वर्तुळ जोडा, नाहीतर फळी शेवटचे ३ मिमी आत जायचं नाव घेत नाही.

कापणी

२४४० × १२२० च्या एका तावात तीन बरगड्या किंवा तीन फळ्या बसतात. आठ बरगड्यांना तीन ताव, पाच फळ्यांना दोन. ताव तीन-चार दिवस त्याच खोलीत आडवे ठेवून मग कापा.

६ मिमीचं, दोन धारांचं कॉम्प्रेशन बिट (खालचा भाग वर ओढणारं, वरचा भाग खाली दाबणारं), मिनिटाला १८,००० फेरे, पुढे सरकायचा वेग मिनिटाला ४ मीटर. म्हणजे दर धारेला ०.११ मिमीची चिप निघते. भुसा पिठासारखा निघाला तर बिट घासतंय, कापत नाही: वेग वाढवा किंवा फेरे कमी करा. पहिला फेरा ८-९ मिमी खोल घ्या. उथळ घेतला तर बिटचा वर ओढणारा खालचा भागच काम करतो आणि वरचा थर उचकटतो. आधी खाचा, बाहेरची रेघ शेवटी. ३ मिमी जाड टॅब (तुकडा तावाला धरून ठेवणारे न कापलेले पूल) ठेवा. खऱ्या कामाआधी १०० मिमीचा चौरस कापून मोजा, कारण धार लावलेलं बिट ५.९ चं असलं तरी डबीवर ६ च लिहिलेलं असतं.

प्रत्येक तुकड्यावर क्रमांक, ‘वर’चा बाण आणि ‘डावं अंग’ हे कोरून घ्या. डावीकडून पाहिलेली बरगडी उजवीकडून पाहिलेल्या जागी ठेवली तर ती आरशातली होते, आणि वेड्यावाकड्या पाठीत ते नजरेला कळत नाही. हा गोंधळ पहिल्यांदा कळतो तो भिंतीपाशीच.

प्लायला हात लावण्याआधी क्रमांक १, ४ आणि ८ च्या बरगड्या ३ मिमी एमडीएफमध्ये कापून भिंतीला लावून पाहा. तिन्ही सारख्याच बाजूला कललेल्या दिसल्या तर ओळंब्याच्या गाठी चुकल्या. एकच बसली नाही तर ती चुकीच्या जागी धरलेली आहे. बरगडीचे उंचवटे दगडांच्या उंचवट्यांपासून खालून वर अधिकाधिक सरकत गेले, तर माप तपासा.

उभारणी

२०१९ च्या तालिन वास्तुकला द्वैवार्षिकात स्टीमपंक नावाचा मंडप होलोलेन्स हा आभासी चित्र दाखवणारा चष्मा घालून उभारला होता. वाफेवर वाकवलेलं लाकूड डोळ्यांसमोरच्या आभासी रेघेशी जुळवत कारागिरांनी तो बांधला. वाकवलेल्या लाकडाला हातानं सावरून घेता येतं, तिथे ती पद्धत शोभते. अशा चष्म्यातली रेघ चालताना सेंटिमीटरभर सरकू शकते. ६ मिमीच्या फटीला टार्गेटपासून टेपनं घेतलेलं माप बरं.

आधी बैठक: दोन आडव्या पट्ट्या, खाली एम१० चे सहा फिरते पाय, पाणसळीनं समतल. मग मॉडेलमधून प्रत्येक बरगडीच्या डाव्या अंगाचं जवळच्या दोन टार्गेटपासूनचं अंतर काढून कागदावर लिहा आणि भिंतीवर खडूनं खुणा करा. बरगड्या पुढून एका तात्पुरत्या पट्टीला क्लॅम्पनं धरा, प्रत्येकीचा उभेपणा तपासा, मग फळ्या खालून वर सरकवा.

फट तपासायला ३ मिमी एमडीएफची पट्टी पाठीमागून सगळीकडे फिरवा. अडली तिथे बरगडीच्या कडेला खडू चोळून बरगडी पुन्हा सरकवा. दगडावर उठलेला ठिपका नेमकी जागा दाखवतो. तासायची ती बरगडी, दगड नव्हे.

२२०० उंच आणि जेमतेम ३५० खोल मांडणी स्वतःच्या पायावर सुरक्षित नाही, सामान ठेवल्यावर तर मुळीच नाही. वरच्या फळीपाशी निदान तीन ठिकाणी स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांनी ती भिंतीला बांधा. भोक दगडात नको, दरजेच्या चुन्यात पाडा. चुना पुन्हा भरता येतो. इमारत संरक्षित असेल तर त्या एका भोकासाठीही आधी परवानगी लागते, आणि ती फोटो काढायला जाण्याआधीच मागितलेली बरी.

टार्गेट लगेच काढू नका. दोन आठवड्यांत सामानाचं वजन आणि हवेतली ओल यांनी प्लाय थोडा बसतो. तेव्हा ३ मिमीची पट्टी पुन्हा एकदा सगळीकडे फिरवा, पाय फिरवून पाणसळ बघा. मग ओल्या फडक्यानं खळ भिजवून टार्गेट सोडवा.